वाळूतले सोळा

खारवाडी, ता. पालघर
१९ फेब्रुवारी २०२५

चि. शेखर,
सप्रेम जय भीम.

काल दोनदा फोन केला. दोन्ही वेळा माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू फोन ठेवलास. म्हणून आप्पांच्या पद्धतीने लिहायला बसले आहे. नाशिकरोडच्या पोस्टात तीस वर्षं पत्रं वाटणाऱ्या आपल्या बापाने घरात एकच कायदा केला होता. भांडायचं तर कागदावर, आणि आलेल्या कागदाला आठ दिवसांत उत्तर. एका खोलीत राहून आपण दोघं बहीणभाऊ एकमेकांना पत्रं लिहायचो. तुझी सगळी माझ्याकडे आहेत. शुद्धलेखन तेव्हाही दिव्यच होतं.

आता मुद्द्यावर येते. रविवारी माझ्या नवऱ्याचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. बौद्धाचार्यांनी पंचशील दिलं तेव्हा तू पहिल्या रांगेत पांढरा शर्ट घालून, हात जोडून बसला होतास. जीवहिंसा करणार नाही, न दिलेलं घेणार नाही, असं म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज तुझा होता. परित्राण पाठ सुरू झाला आणि तू उठून गेलास. पंगत बसली, तू नाहीस. तुझं पान वाढून मी वाट पाहत राहिले. चार वाजता गुडघ्यापर्यंत ओली पँट घेऊन आलास आणि म्हणालास, डोकं दुखत होतं, वाऱ्यावर गेलो होतो.

काल बाजारात मासळीवाली लंकाबाई भेटली. म्हणाली, "बाय, तुझा भाऊ डब्यात वाळूतले खेकडे भरून घेऊन गेला. मी इचारलं, गळाला लावायला का? तर म्हणतो, नाय, नाशिकला काचेच्या टाकीत ठेवायचेत. मला लय हसू आलं." मला आलं नाही. शीलं घेतल्यावर तासाभरात तू पहिली दोन मोडलीस, तीही माझ्या दारातून, माझ्याच आइस्क्रीमच्या डब्यात. डबा मी तुला सुकट न्यायला दिला होता.

आणि ती खाऱ्या पाण्याची टाकी कोणाची आहे रे? राखीची. तीन वर्षं शिकवण्या घेऊन पोरीने ती उभी केली, आणि तीन वर्षं तू तिला "घराचं मत्स्यालय केलं" म्हणून टोचून खाल्लंस. पुण्याला नोकरी लागली, तिथे जागा मिळेपर्यंत टाकी ठेवायची कुठे, तर तिने ती तुझ्या भरवशावर ठेवली. दुसरं कोणी असतं तर दाराला कुलूप लावून गेलं असतं. तिला विचारून टाकलेस का हे खेकडे? विचारलं असशील तर मी गप्प बसते.

उज्वलाताई

◆

जेलरोड, नाशिकरोड
२५ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
जय भीम.

पत्र मिळालं. मी फॅक्टरीतून यायच्या आधीच सुमनने फोडून वाचलं होतं. चहा देताना नुसती बघत होती माझ्याकडे. तुम्ही दोघी आता एका बाजूला झालात हे कळलं.

समुद्र तुझ्या शाळेचा आहे का, की दाजींच्या नावावर सातबारा आहे? तुझी ती लंकाबाई मुठी मुठी भरून तेच खेकडे गळाला टोचते, तिला तू कधी पत्र लिहिलंस? मी सोळा आणले. मोजून सोळा. समुद्राला पत्ताही लागला नसेल. आणि ते खेकडे म्हणजे काय, अंगठ्याएवढे, अंड्यासारखे गुळगुळीत, नांगीसुद्धा नाही त्यांना. माशाला काय करणार?

मी काही अडाणी माणूस नाही. दुकानात जाऊन विचारलं. तो म्हणाला, वाळूत घुसणारे जीव चांगलेच, वाळू मोकळी राहते, खाली पडलेलं खाणं साफ होतं. टाकीत सोडले तर पाच सेकंदात उलटे सरकत वाळूत गेले, सोळाच्या सोळा. एकही वर तडफडला नाही, की काचेवर चढला नाही. आज नववा दिवस, आत निवांत आहेत. त्रास असता तर बाहेर आले असते ना? राखीची ती माशांची जोडी, सुपारी आणि बडीशेप, ती पण मजेत आहे. लाल पट्ट्याची कोळंबी पण मजेत आहे. रोज सकाळी साडेपाचला उठून मी त्यांना खायला घालतो, सहाच्या बसने ओझरला जातो, हे कोणी पत्रात लिहीत नाही.

राखीला सांगितलेलं नाही. ती १४ एप्रिलच्या सुट्टीला येईल तेव्हा बघेल. सरप्राईज आहे. एवढं पण बापाने करायचं नाही का?

माझं डोकं खरंच दुखत होतं.

शेखर

◆

खारवाडी
३ मार्च २०२५

चि. शेखर,

दुकानदाराने समुद्र पाहिलाय का, हे त्याला विचार.

मी गेले तीन दिवस शाळेआधी लंकाबाईबरोबर किनाऱ्यावर उभी राहून आले. वीस वर्षं इथे विज्ञान शिकवते, पण हे जीव कधी नीट पाहिले नव्हते, हे कबूल करते. ऐक. हे खेकडे तोंड समुद्राकडे करून वाळूत बसतात. लाट येते तेव्हा काही करत नाहीत. लाट परत जायला लागली की डोक्यावरच्या पिसासारख्या दोन मिशा बाहेर काढतात, उतरत्या पाण्यातलं बारीक खाणं त्यात अडकतं, ते पुसून खातात आणि पुन्हा आत. भरती चढली की तेही वर सरकतात, ओहोटीला खाली. दिवसभर हेच. लंकाबाई म्हणाली, "ती लाटेची पोरं हायेत बाय, लाट मागं गेली तरच त्यांना घास मिळतो." खाली पडलेलं खाणं साफ करायला ते काही तुझे झाडूवाले नाहीत. आता मला सांग, जेलरोडच्या तिसऱ्या मजल्यावर, तीन फुटांच्या टाकीत लाट कुठून मागे जाते?

ते निवांत नाहीत, उपाशी आहेत. त्यांना दुसरं काही येत नाही म्हणून वाळूत बसले आहेत. दिसत नाही, आवाज नाही, म्हणजे सुखी, हे तू कुठे शिकलास? बारावीच्या वर्षी राखी दोन महिने खोलीचं दार लावून बसली होती, तेव्हाही तू मला फोनवर हेच म्हणाला होतास. पोरगी निवांत आहे, अभ्यास करते. ती काय करत होती ते मला माहीत आहे, कारण ती मला फोन करून रडायची.

आणि एक लक्षात घे. त्यातला एक जरी मेला तरी तुला दिसणार नाही. वाळूखाली सडेल. सडलेलं सगळं त्याच पाण्यात उतरणार, आणि राखीचे मासे तेच पाणी श्वासात घेणार. एवढं तर सहावीच्या पोरांना पण कळतं.

शनिवारी जे जिवंत असतील ते ओल्या वाळूत घालून बसने निघ. मी जव्हारपर्यंत येते, स्टँडवर माझ्या हातात दे. तुला चहासुद्धा मागणार नाही.

ताई

◆

जेलरोड
११ मार्च २०२५

ती. ताईस,

शनिवारी जव्हारला आलो नाही. तू चार तास स्टँडवर बसलीस असं सुमनने सांगितलं. मी येतो असं कबूल केलंच नव्हतं.

तुझं पत्र वाचून मी दोन सुट्ट्या त्यात घातल्या. लाट पाहिजे ना? केली लाट. भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर आणली, तिला दांडा लावला, दांड्याला अ‍ॅक्रिलिकची पट्टी. पट्टी पुढे जाते, पाणी चढतं, मागे येते, पाणी उतरतं. मिनिटाला बारा वेळा. तीस वर्षं टूलरूममध्ये केसाच्या दहाव्या भागाएवढं माप पकडतोय मी, विमानं उडतात त्यावर. लाट काय मोठी गोष्ट आहे. खाणं पण मिक्सरला बारीक वाटून, गाळून टाकतो. सुमनने तो मिक्सर आता वेगळा ठेवलाय.

आणि तुझ्या माहितीसाठी, ते खूश आहेत याचा पुरावा आहे. काल एक बाहेर काढून पाहिला. पोटाखाली नारंगी अंडी, गच्च. उपाशी जीव पोरं घालतो का? एक तर आता वाळूच्या वरच बसून असतो, भीती मोडली त्याची. हात लावला तरी पळत नाही.

राखीच्या बारावीचं तू परत काढू नकोस. माझ्या पोरीचं मला कोणी सांगायचं नाही. तुला फोन करून रडायची म्हणतेस, तर तेव्हा का नाही सांगितलंस मला? तेव्हा तुला बरं वाटत होतं, आत्या म्हणून मिरवायला.

आता एकदाच सांगतो, मग विचारू नकोस. त्या दिवशी मी पाठातून का उठलो. समोर दाजींचा फोटो होता. शेवटचे नाशिकला आले तेव्हा तासभर राखीच्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. जाताना मला जिन्यात म्हणाले, "शेखर, पोरीला कधीतरी बरं म्हणत जा. तुझी वाट बघत असते ती." मी म्हटलं, बघू. पंधरा दिवसांनी तुझा फोन आला, दाजी गेले. पुढे बसलो होतो आणि ते नुसतं फोटोतून बघत होते. मला बसवेना. चार लोकांत रडायला मी काही बाई नाही. समुद्रावर जाऊन वाळूत हात खुपसला तर बोटाखाली काहीतरी हललं. वाटलं, पोरीला हे नेऊ, तिने कधी मागितली नाही अशी वस्तू आपण आपल्या हाताने नेऊ. आणि तू मला शीलं शिकवतेस.

शेखर

◆

खारवाडी
१५ मार्च २०२५

शेखर,

दाजींचं वाचलं. त्यावर मला आत्ता लिहिता येत नाही.

बाकीचं लिहिते. ती अंडी तुझ्या टाकीत आलेली नाहीत, किनाऱ्यावरून पोटाशी घेऊनच ती मादी आली होती. इथे या दिवसांत कितीतरी माद्या तशा सापडतात. आणि जो वाळूच्या वर बसून असतो, हात लावला तरी हलत नाही, त्याची भीती मोडलेली नाही. त्याच्यात वाळूत जायचा जोर उरलेला नाही. एवढं तुला कळत नाही असं मला वाटत नाही. तुला ते कळून घ्यायचं नाही.

हे वाचलंस की लगेच त्याला बाहेर काढ. बाकीची वाळूही उपस. जिवंत-मेलेले सगळे बाहेर. आणि त्याच संध्याकाळी राखीला फोन कर. तिला त्या पाण्याचं जेवढं कळतं तेवढं आपल्या दोघांना मिळून कळत नाही. अजून काही बिघडलं नसेल तर ती फोनवरून वाचवेल.

आठ दिवस थांबते. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.

ताई

◆

जेलरोड
४ एप्रिल २०२५

ताई,

आठ दिवसांत उत्तर दिलं नाही. मोजत बसली असशील.

सगळं संपलं. गेल्या रविवारी पाण्याला वास सुटला. सुमन नाकाला पदर लावूनच स्वयंपाक करत होती. मला वाटलं नाल्याचा असेल. सोमवारी पहाटे पाणी ताकासारखं गढूळ, आणि सुपारी, बडीशेप दोघं वर येऊन तोंड वासत होती. मी माझी मोटर जोरात केली. हवा मिळेल म्हटलं. त्या मोटरने खालची वाळू ढवळली आणि आत जे काही होतं ते सगळं पाण्यात आलं. सहाची बस होती. मी बसमध्ये चढलो. हो, चढलो. रजा टाकली असती तर कारण काय लिहिणार होतो, मासे आजारी? साडेदहाला सुमनचा फोन आला, दोघंही आडवी झाली म्हणून. कोळंबी आधीच गेली होती.

संध्याकाळी वाळू उपसली. सोळातले अकरा सापडले, नुसती टरफलं, चिमटीत धरली की चुरा होत होता. पाचांचं काहीच सापडलं नाही. किती दिवसांपूर्वी मेले होते देव जाणे. मी त्यांच्यावर रोज सकाळी खाणं टाकत होतो.

तू म्हणशील, सांगितलं होतं. म्हण. चौकटीत लिहून भिंतीला लाव.

आता पुढचं. मी तसल्याच पट्ट्याचे, तशाच रंगाचे दोन मासे आणले. वाळू नवीन टाकली. खडक नळाखाली ब्रशने घासून स्वच्छ केले. पाणी काचेसारखं झालंय. राखी १२ तारखेला येतेय. दोन दिवसांत काही कळायचं नाही तिला, आणि मेमध्ये एकदा टाकी पुण्याला गेली की तिथे काय झालं ते तिथलं. कोळंबीचं मी सांगेन, खडकात लपलीय.

तू एकच कर. तिने फोन केला तर खेकड्यांचं नाव काढू नकोस. आजवर काही मागितलं नाही तुझ्याकडे. पहिल्यांदा ती पोरगी काहीतरी माझ्या हातात देऊन गेली होती. तेवढं राहू दे.

शेखर

◆

खारवाडी
८ एप्रिल २०२५

शेखर,

नाही.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. प्रत्येक वेळी त्या बसपाशी येऊन थांबले. तोंड वासणारे मासे मागे ठेवून तू बसमध्ये चढलास, आणि आता दुसरे दोन आणून ठेवलेस, बल्ब बदलावा तसे. राखी तुला कळली नाही ती नाहीच. निदान ती आंधळी आहे असं तरी समजू नकोस.

पण रागावून पत्र संपवायचा मला हक्क नाही. मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आहे. पहिल्या पत्रात लंकाबाईचं नाव पुढे केलं. ती बोलली ते खरं, पण मला ते आधीच माहीत होतं. त्या दिवशी तुझं पान वाढून मी मागच्या ओट्यावर आले तर तू किनाऱ्यावर दिसलास, गुडघे टेकून, डबा शेजारी. तू काय भरतोयस ते मला ओट्यावरून दिसत होतं. राखीची टाकीही माझ्या डोक्यात आली. हाक मारली असती तर तुला ऐकू गेली असती. मी मारली नाही. माझ्या माणसाच्या दिवशी हा पंगतीत नाही, खेळतोय तिकडे, या रागाने माझं तोंड शिवलं होतं. म्हटलं, कर काय करायचंय ते, मग बघते तुला. आणि नंतर पत्रांतून बघत बसले. राखीला सांगेन म्हणाले तेही केलं नाही. बारावीला जे केलं तेच पुन्हा. तू त्यावरून मला बोललास ते बरोबर बोललास.

तिला सांगायचं तू. मी आपण होऊन फोन करणार नाही. पण तिने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, आणि माझा ओटाही सांगेन.

ताई

◆

पुणे
१६ एप्रिल २०२५

पप्पा,

फोन उचलत नाहीये कारण फोनवर मी ओरडेन आणि तुम्ही ठेवून द्याल. आत्या म्हणाली, लिही. म्हणून लिहिते.

शनिवारी दुपारी आले तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आधी मी टाकीत बोट बुडवलं. तुम्ही मागे उभे होता. सुपारी तीन वर्षं माझ्या नखाला येऊन चावते. पाहुण्यांना चावत नाही, आईला चावत नाही, मलाच चावते. टाकीतले दोन्ही मासे पंपामागे जाऊन दडले. ते सुपारीच्या निम्मेसुद्धा नाहीत, पप्पा. वाळू पांढरीशुभ्र. खडकावरचा जांभळा थर, जो यायला मला दोन वर्षं लागली, तो घासून काढलेला. मला पहिल्या मिनिटाला कळलं.

तरी मी वाट पाहिली. जेवताना विचारलं, पप्पा, सगळं ठीक होतं ना? तुम्ही म्हणालात, बघ कशी चकचकीत ठेवलीय. आई ताटाकडे बघत होती. रविवारी विचारलं, कोळंबी दिसत नाही. म्हणालात, लपलीय खडकात. सोमवारी मिरवणुकीत तुमच्या शेजारून चालताना परत विचारलं. म्हणालात, टेन्शन घेऊ नको, तुझ्या बापाच्या हातात आहे. तीन दिवस, तीन वेळा. मी तुम्हाला दार उघडून देत होते आणि तुम्ही ते लावून घेत होता.

मंगळवारी बसमधून आत्याला फोन केला. तिने सगळं सांगितलं. तिच्या ओट्याचंही. तिच्यावरही मी चिडले आहे, ते तिला सांगितलं आहे.

खेकडे टाकले याचा राग आहे. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून गेले होते, मला विचारल्याशिवाय काहीही नवीन आत टाकायचं नाही. ती वही टाकीवरच होती. पण मासे मरतात. पहिल्या वर्षी माझ्याही हातून पाच मेले, मी रात्रभर रडले, तुम्ही म्हणालात, "बरं झालं, लाईट बिल वाचलं." मेले याच्यावर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही मला फोन करून एवढं म्हणाला असता की राखी, चुकलं, तर मी त्याच दिवशी गाडी धरून आले असते, तुमच्याबरोबर ती वाळू उपसायला. तुम्ही बाजारातून दुसरे आणलेत. माझं ज्याच्यावर प्रेम होतं ते बदलून ठेवलं तर मला कळणार नाही, असं तुम्हाला वाटलं. तेवीस वर्षं मी तुमच्या घरात राहिले आणि तुम्हाला असं वाटलं.

टाकी मी नेणार नाही. नवीन दोघांना आजच्या आज दुकानात परत द्या. पाणी काचेसारखं दिसतं म्हणजे ते जगण्यासारखं आहे असं नाही. खडक घासून तुम्ही त्यातलं, पाणी शुद्ध ठेवणारं जिवंत सगळं मारलंय, त्या पाण्यात ते दोघेही जातील. निदान त्यांना माझ्यासाठी मारू नका.

राखी

◆

जेलरोड, नाशिकरोड
२० एप्रिल २०२५

चि. राखीस,
जय भीम.

पत्र काल मिळालं. दोन्ही मासे कालच दुकानात देऊन आलो. जिवंत होते. दुकानदार म्हणाला, पैसे परत मिळणार नाहीत. मी म्हटलं, नको आहेत.

तुला आत्याने सांगितलं, पण मी सांगितलेलं नाही, म्हणून सांगतो. १६ फेब्रुवारीला मी खारवाडीच्या किनाऱ्यावरून सोळा खेकडे आणले. तुझी वही मी आणायच्या आधी वाचलेली होती आणि आणल्यावरही वाचली. लाल शाई दिसली. वाटलं, बापाला कसली परवानगी. आत्याने दोन पत्रांत सांगितलं की ते मरतील, आणि मेले की मासे मारतील. मला त्यातल्या पहिल्याच पत्रात पटलं होतं. पटलं म्हणून तर मोटर बनवायला बसलो, नाहीतर कशाला बनवली असती? पण तिचं ऐकणं म्हणजे तुला फोन करणं होतं, आणि फोन केला की तू म्हणणार, पप्पा, तुम्हाला सांगितलं होतं. ते ऐकायची माझी तयारी नव्हती. तेवढ्यासाठी एकोणीस जीव मी मारले. त्या सोमवारी पहाटे सुपारी वर येऊन तोंड उघडत होती तेव्हा माझ्या हातात फोन होता. साडेपाच वाजले होते. तू झोपलेली असशील असं मी स्वतःला सांगितलं आणि बस पकडली. तू उठली असतीस हे मला माहीत होतं.

लाईट बिलाचं मी बोललो होतो ते मला आठवत नव्हतं. तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, बोलला होतात, आणि पोरगी ते ऐकून उठून गेली होती. तिने हे मला तीन वर्षांनी सांगितलं, कारण मी तीन वर्षांनी विचारलं.

तुझा राग या पत्राने उतरेल असं मला वाटत नाही. उतरवू नकोस. मला माझाच इतका आलाय की टूलरूममध्ये काल हातातलं काम दोनदा चुकलं, तीस वर्षांत पहिल्यांदा. टाकी मी रिकामी केलेली नाही. खडक आहेत, पाणी आहे, आत कोणी नाही. त्याचं काय करायचं ते मी ठरवणार नाही.

तू दहावीनंतर कोणती शाखा घ्यायची ते मला विचारून ठरवलंस. कॉलेज विचारून घेतलंस. टाकी घेतानासुद्धा विचारलं होतंस, मी नाही म्हणालो, आणि तू महिनाभर रोज येऊन पुन्हा विचारत राहिलीस. पुण्याची नोकरी विचारून घेतलीस. मी तुला आजपर्यंत एक गोष्ट विचारलेली नाही.

पुढच्या रविवारी मी पुण्याला येऊ का? नाही म्हणालीस तर येणार नाही.

तुझा पप्पा